हृदयाची उघाडी

(रत्नागिरी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



गेल्या पावसाळ्यात एक बागायतदार आजोबा माझ्याकडे तपासायला आले. वय ७२. दोन वर्षांपूर्वीपर्यंत स्वतः झाडावर चढून झेल्याने आंबा उतरवणारा माणूस, पण त्या दिवशी माझ्या दवाखान्याच्या आठ पायऱ्या चढताना दोनदा थांबला. प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेले दोन कागद त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक रक्ताचा रिपोर्ट, त्यात वाईट कोलेस्ट्रॉल, म्हणजे एलडीएल, ६२. दुसरा टूडी इकोचा. त्यात महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप फारच अरुंद झाल्याचं लिहिलेलं. आजोबा म्हणाले, "डॉक्टर, सहा वर्षं रात्रीची गोळी चुकवली नाही. आमटीतलं खोबरं सोडलं, कोळंबी सोडली. कोलेस्ट्रॉल अर्ध्यावर आलं. मग वॉल का उघडत नाही?"

आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्यांना दवाखान्यात मी ते पाच मिनिटांत दिलं होतं, आणि ते पुरं झालं नाही ही रुखरुख मला राहिली.

सुरुवात आपल्या खाड्यांपासून करतो. भाट्ये, जयगड, दाभोळ, कुठल्याही खाडीच्या काठाने गेलात तर खारजमिनीला घातलेले बांध दिसतात. बांधाला एक तोंड ठेवलेलं असतं, त्याला आपण उघाडी म्हणतो. तोंडावर वरून टांगलेली एक झडप असते. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी झडपेला बाहेर ढकलतं आणि खाडीत निघून जातं. भरती आली की खाडीचं पाणीच बाहेरून झडप दाबून बंद करतं. राखणदार लागत नाही, दोरी ओढावी लागत नाही. पाण्याच्या दाबानेच ती उघडते आणि पाण्याच्या दाबानेच मिटते.

हृदयात अशा चार उघाड्या आहेत. त्यांना स्वतःचे स्नायू नाहीत. रक्ताच्या दाबाने त्या दिवसातून सुमारे एक लाख वेळा उघडतात आणि मिटतात.

माझ्या आजोळी जुनी लाकडी उघाडी होती. मे महिन्यात पाणी उतरलं की आम्ही मुलं तिथे जाऊन बसायचो. झडपेच्या कडांना आणि बिजागरीपाशी कालवं धरलेली असायची, एकावर एक, हाताला कापतील अशी धारदार. कालवं वाढली की झडप वीतभरच उघडायची. मग पहिल्या मोठ्या पावसात आत पाणी तुंबायचं आणि लावलेलं भात कुजायचं. दुसरा बिघाड याच्या उलट. फळी किड्याने पोखरली की ती नीट मिटायची नाही, आणि भरतीचं खारं पाणी शेतात शिरायचं. हृदयाच्या झडपेचेही बिघाड एवढेच दोन. ती नीट उघडत नाही किंवा नीट मिटत नाही.

आजोबांची झडप नीट उघडत नव्हती. निरोगी माणसात महाधमनीच्या झडपेचं तोंड तीन ते चार चौरस सेंटिमीटर असतं, म्हणजे साधारण पाच रुपयांच्या नाण्याएवढं. ते एक चौरस सेंटिमीटरच्या खाली गेलं, करंगळीच्या नखाएवढं झालं, की आजार गंभीर समजतात. आजोबांचं ०.८ होतं. झडपेच्या पाकळ्यांवर कॅल्शियमचे खडे धरले होते. 'झडपेत चुना जमलाय' असं आपण म्हणतो, आणि मग लोक विचारतात की पानाला लावलेल्या चुन्यामुळे झालं का, नाचणीमुळे झालं का. नाही. नाचणीची भाकरी खुशाल खा. हा चुना जेवणातून जात नाही. झडपेतल्या पेशीच हाड घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात आणि तो तिथेच तयार होतो. वय हे त्याचं मोठं कारण. काहींच्या झडपेला जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या असतात. अशी माणसं शंभरात एक ते दोन, आणि त्यांना हा आजार लवकर गाठतो.

आता त्या रात्रीच्या गोळीकडे येतो.

पावसाळ्यात आपल्याकडे चामड्याची चप्पल, ट्रंकेतली पुस्तकं, पापडाचा डबा, बुरशीतून काही सुटत नाही. जपानच्या अकिता भागात शेतकऱ्याच्या घरी १९३३ साली जन्मलेल्या अकिरा एंडो यांना लहानपणापासून या बुरशीचंच वेड. बुरशीपासून पेनिसिलिन सापडलं, तसं कोलेस्ट्रॉल कमी करणारं काही सापडेल का, असा ध्यास घेऊन त्यांनी सांक्यो या औषध कंपनीत सहा हजारांवर सूक्ष्मजीव तपासले. १९७३ साली तांदळावर वाढलेल्या एका निळसर हिरव्या बुरशीत त्यांना हवा तो पदार्थ मिळाला. बुरशीचं नाव पेनिसिलियम सिट्रिनम, म्हणजे ज्या कुळातून पेनिसिलिन आलं त्याच कुळातली. हे पेनिसिलिन ध्यानात ठेवा, पुढे त्याची गरज लागणार आहे.

यकृत कोलेस्ट्रॉल तयार करतं ते एका विकराच्या मदतीने. एंडोंचा पदार्थ त्या विकराला अडवतो. मग यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेऊ लागतं आणि रक्तातली पातळी उतरते. स्टॅटिन नावाच्या या घराण्यातलं पहिलं औषध १९८७ साली अमेरिकेत बाजारात आलं. १९९४ साली नॉर्वेचे तेर्ये पेडरसन यांच्या पुढाकाराने झालेल्या स्कँडिनेव्हियातल्या चाचणीचे निकाल आले. हृदयविकार असलेले ४,४४४ रुग्ण, सुमारे साडेपाच वर्षं. सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी. त्यानंतरच्या अनेक चाचण्यांनी तेच दाखवलं. स्टॅटिनने किती लोकांचा हार्ट अटॅक टळला, किती घरांतला कर्ता माणूस वाचला, हे मी माझ्या ओपीडीत पाहिलं आहे. या औषधाबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे, आणि पुढे मी जे सांगणार आहे ते ऐकून कोणी आपली गोळी बंद करू नये.

त्याच वर्षी, १९९४ सालीच, अमेरिकेतल्या सिएटलच्या कॅथरीन ऑटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अरुंद होऊ लागलेल्या झडपा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्यांत चरबी होती, दाहाच्या पेशी होत्या, कॅल्शियम होतं. म्हणजे रक्तवाहिनीत ब्लॉकेज होताना जे दिसतं, जवळजवळ तेच. मग साहजिक विचार आला की वाहिनीला जी गोळी लागू पडते ती झडपेलाही लागू पडेल. पुढे काही मोठ्या रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी जुनी रुग्णपत्रं काढून पाहिली. स्टॅटिन चालू असलेल्यांची झडप इतरांपेक्षा हळू अरुंद झाली, असं त्यांत दिसलं. २००१-०२ च्या सुमाराला हे लेख एकामागून एक आले.

मी ते वाचले होते, आणि माझा विश्वास बसला होता. तोवर झडप अरुंद झालेल्या माणसाला देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. शस्त्रक्रियेची वेळ येईपर्यंत वाट पाहा, एवढंच सांगायचं. आता हातात एक गोळी आली. पुढची तीन-चार वर्षं मी ती अशा रुग्णांना लिहून दिली आणि म्हणालो, "याने झडपेची झीज लांबेल." खात्री नसलेलं मी खात्रीने सांगितलं. आज ही चूक जाहीर सभेत मान्य करतो, कारण त्यातल्या एक-दोघांनी त्या भरवशावर शस्त्रक्रिया पुढे ढकलली होती.

जुन्या रुग्णपत्रांत खोट कुठे असते? ज्याला स्टॅटिन मिळालं आणि ज्याला मिळालं नाही ती दोन माणसं मुळातच वेगळी असतात. एक नियमाने दाखवायला येतो, रक्त तपासतो, तंबाखू सोडतो. दुसरा घेरी येऊन पडल्यावर येतो. दोघांतला फरक गोळीचा की माणसाचा, हे कागद सांगत नाहीत. ते कळायला चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. सारखेच रुग्ण घ्यायचे, चिठ्ठीने दोन गट करायचे, एका गटाला खरी गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी द्यायची, आणि कोणाला काय मिळालं हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही, असं ठेवायचं.

ते २००५ साली स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या डॉक्टरांनी केलं. रुग्ण १५५, औषध अ‍ॅटोरवास्टॅटिन, मात्रा रोज ८० मिलिग्रॅम. एलडीएल निम्म्यावर आलं, ६३ पर्यंत. झडप मात्र दोन्ही गटांत सारख्याच वेगाने अरुंद होत गेली. रुग्ण थोडे होते, आजार पुढे गेलेला होता, अशी शंका लोकांनी काढली, आणि ती रास्त होती. २००८ साली सीस नावाच्या चाचणीचा निकाल आला. तिचे प्रमुख तेच तेर्ये पेडरसन, ज्यांनी १९९४ साली या औषधाचं मोल जगाला दाखवलं होतं. १,८७३ रुग्ण, झडप थोडी ते मध्यम अरुंद, सिम्वास्टॅटिन आणि एझेटिमाइब एकत्र, चार वर्षांहून जास्त काळ. झडप बदलण्याची वेळ औषधाच्या गटात १०० पैकी २८ जणांवर आली, दुसऱ्या गटात ३० जणांवर. हा फरक धरण्याजोगा नाही. २०१० साली कॅनडातल्या २६९ रुग्णांच्या चाचणीतही तेच. त्यांचं सरासरी वय ५८, औषध रोसुवास्टॅटिन, आणि झडप दोन्हीकडे सारखीच घट्ट.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती पेडरसन यांची. ज्या औषधाने त्यांना नाव दिलं, त्याच औषधाची हद्दही त्यांनी स्वतः मोजून दाखवली.

असं का झालं याची काही कारणं आता कळली आहेत. सुरुवातीला झडपेत चरबी शिरते हे खरं, पण एकदा कॅल्शियम धरू लागलं की ते काम चरबीवाचूनही पुढे चालतं. कालवं एकदा फळीला चिकटली की खाडीचं पाणी गोडं करून ती सुटत नाहीत. २०१३ साली आणखी एक धागा हाती लागला. लायपोप्रोटीन-ए नावाचा एक वेगळा कण, जो आईवडिलांकडून आलेल्या जनुकाप्रमाणे कमीजास्त असतो, त्याचा झडपेतल्या कॅल्शियमशी संबंध दिसला. स्टॅटिनने हा कण कमी होत नाही. तो कमी करणाऱ्या नव्या औषधांच्या चाचण्या आता सुरू आहेत. कोलेस्ट्रॉल जन्मापासूनच भयंकर वाढलेलं असतं अशी मोजकी मुलंही असतात. त्यांच्या कोपरांवर, टाचेच्या वरच्या शिरेवर पिवळट गाठी दिसतात. त्यांची वाहिनी आणि झडप दोन्ही लहानपणीच बिघडू शकतात. त्यांना औषध वेळेवर सुरू केलंच पाहिजे.

असं मोजून पाहणं परदेशातच होतं असं कोणाला वाटत असेल, तर आपल्या शेजारी महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर आहेत. लाल विंचू चावलेला माणूस फुप्फुसात पाणी भरून का मरतो, हे त्यांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्र-रात्र रुग्णाशेजारी बसून पाहिलं. रक्तदाबाचं प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यावर चालतं, हे त्यांनी 'लॅन्सेट'मधून जगाला सांगितलं. विंचवाच्या विषावरचं प्रतिविष आल्यावर 'नुसतं प्राझोसिन बरं की प्राझोसिनबरोबर प्रतिविष बरं' हेही त्यांनी चिठ्ठ्या टाकून ७० रुग्णांवर तपासलं, आणि ते २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. कोकणातल्या छोट्या गावात बसून हे होऊ शकतं.

मग आजोबांना मी काय सांगितलं? झडपेला गोळी नाही, झडप बदलावी लागते. अमेरिकेतल्या रॉस आणि ब्रॉनवाल्ड यांनी १९६८ सालीच लिहून ठेवलं आहे की अशा रुग्णाला धाप, छातीत कळ किंवा घेरी सुरू झाली आणि झडप तशीच राहिली, तर पुढचं आयुष्य सरासरी दोन ते पाच वर्षं. म्हणून पायऱ्यांवर थांबणं हे वयाचं म्हणून सोडून देऊ नका. आज छाती उघडून झडप बसवता येते, आणि जांघेतल्या धमनीतून तार घालूनही बसवता येते. छाती न उघडता तारेने झडप बसवण्याची रीत फ्रान्समध्ये अलँ क्रिबिए यांनी २००२ साली पहिल्यांदा माणसावर केली. आपल्या देशातही १९९० सालच्या डिसेंबरात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली, छाती उघडून बसवायची चित्रा झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. परदेशी झडपेपेक्षा ती पुष्कळ स्वस्त, आणि गरीब रुग्णांना तिचा फार मोठा आधार झाला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडप बदलण्याची शस्त्रक्रिया बसते. रेशनकार्ड घेऊन आधी चौकशी करा, मग दागिने मोडायचा विचार करा.

आजोबांची शस्त्रक्रिया मुंबईत झाली. त्याआधीच्या अँजिओग्राफीत त्यांच्या एका वाहिनीत थोडं ब्लॉकेज दिसलं होतं, म्हणून रात्रीची गोळी आजही चालू आहे. ती वाहिनीसाठी आहे, हे आता त्यांना पक्कं ठाऊक आहे. ते आमटीत खोबरं घालतात, आणि यंदा आंबा उतरवताना झाडाखाली उभे राहून गड्यांना ओरडत होते.

इथे एक घोटाळा दूर करतो. आपल्याकडे सगळ्याच गोळ्यांना 'रक्त पातळ व्हायची गोळी' म्हणतात. कोलेस्ट्रॉलची गोळी रक्त पातळ करत नाही. अ‍ॅस्पिरिन वेगळी. आणि धातूची झडप असलेल्याला लागणारी अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफरिन आणखी वेगळी. तिची मात्रा आयएनआर या रक्ततपासणीवरून ठरते, आणि ती बंद झाली तर झडपेवर गुठळी होते. पहिल्या पावसात टाकळ्याची भाजी आली की काही घरांत रोज तीच शिजते. पालेभाज्यांतल्या के जीवनसत्त्वाने या गोळीचा जोर कमी होतो. भाजी सोडू नका, पण आठवडाभर एकदम ढीगही खाऊ नका, आणि आयएनआर चुकवू नका.

आतापर्यंत म्हाताऱ्या माणसांच्या झडपेबद्दल बोललो. ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे त्या डॉक्टरकाकांचं आयुष्य गेलं ते मुलांच्या झडपांमागे.

त्यांची एक लांबट वही त्यांच्या मुलीने मला पाहायला दिली. पुठ्ठा सुटलेला, पानांना फिनेलचा वास. प्रत्येक पानावर एका मुलाचं किंवा मुलीचं नाव, गाव आणि खाली तारखांची रांग. दर २१ दिवसांनी एक तारीख, पुढे बरोबरची खूण. एका पानावर दहा वर्षांची मुलगी आहे. घसा दुखला, पंधरा दिवसांनी गुडघा सुजला, मग घोटा, मग मनगट. घरच्यांनी लेप लावले. सूज उतरली, पण ताप राहिला आणि धाप लागू लागली. काकांनी छातीला नळी लावून खरखर ऐकली आणि बिघडलेल्या झडपेचं नाव लिहिलं, 'मायट्रल'. हा ऱ्हुमॅटिक ताप. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूशी लढताना शरीर चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि झडपांवर धावून जातं. सांधे बरे होतात, झडप राहत नाही. भारतात तरुण वयात झडप बिघडण्याचं मोठं कारण आजही हेच आहे, आणि बाळंतपणात धाप लागून कळणाऱ्या झडपेमागेही बहुतेकदा हेच असतं.

इथे कोलेस्ट्रॉलचा संबंध नाही. इथे ती दुसरी बुरशी लागते. बेंझाथिन पेनिसिलिन, बारा लाख युनिट, लहान मुलाला सहा लाख, दर २१ दिवसांनी, कधी वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत, कधी चाळिशीपर्यंत. घसा पुन्हा पुन्हा धरू दिला नाही तर झडपेवर पुन्हा पुन्हा घाव बसत नाही. हे औषध आपल्या राज्याला नवं नाही. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पिंपरीचा कारखाना उभा राहिला तो पेनिसिलिनसाठीच. आणि याचीही परीक्षा चिठ्ठ्या टाकून झाली आहे. युगांडामध्ये झडपेत नुकताच बिघाड दिसू लागलेली ८१८ मुलं घेतली होती. दोन वर्षांनी, इंजेक्शन मिळालेल्या मुलांत बिघाड वाढला तो १०० पैकी एकाहून कमी जणांत, न मिळालेल्यांत १०० पैकी आठ जणांत. हा निकाल २०२२ साली आला. झडप वाचवणारं औषध म्हणून माझ्याकडे कोणी आज विचारलं, तर मी या इंजेक्शनचं नाव सांगेन.

ते दुखतं. सुई जाड असते, औषध घट्ट असतं, मूल दोन दिवस लंगडतं. रिअ‍ॅक्शनच्या भीतीने काही दवाखाने ते देत नाहीत. गंभीर रिअ‍ॅक्शन क्वचित येते, आणि तिची तयारी ठेवून इंजेक्शन देता येतं. काका ते देत राहिले. मूल आलं नाही तर ते एसटीच्या कंडक्टरबरोबर गावी चिठ्ठी पाठवायचे.

त्या मुलीच्या पानावर ३४ बरोबरच्या खुणा आहेत. मग तीन फुल्या, आणि समोर काकांच्या अक्षरात 'मुंबईस गेली'. बाप गिरणीत होता, खोली मिळाली, बिऱ्हाड उचललं. इंजेक्शनचा कागद गावी राहिला. त्यानंतर दोन वर्षांनी त्याच पानावर एक ओळ आहे: 'गणपतीस आली. पायास सूज. यकृत दोन बोटे.' पुढे तारीख नाही.

मुलगी वारली, एवढंच मला काकांच्या घरून कळलं. वही पाहताना त्या तीन फुल्यांवर माझी नजर थांबली ती थांबलीच. गिरण्या गेल्या, पण आपली बिऱ्हाडं अजून मुंबई-पुण्याला जातात. म्हणून जाताना शाळेच्या दाखल्याबरोबर इंजेक्शनचा कागदही न्या, आणि तिथल्या महापालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात तो दाखवा.

शिक्षकांना माझी विनंती आहे की घसा दुखल्यावर सांधा सुजलेलं, खेळताना धापणारं मूल वर्गात दिसलं तर त्याला शाळेत येणाऱ्या आरोग्य तपासणी पथकासमोर उभं करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा आजार आहे. पथक येईपर्यंत थांबायचं नसेल तर सरळ जिल्हा रुग्णालयात पाठवा. ज्यांना कोलेस्ट्रॉलची गोळी चालू आहे त्यांनी ती आज रात्री जेवल्यावर घ्यावी. आणि ज्यांच्या घरी पेनिसिलिन चालू असलेलं मूल आहे, त्यांनी घरी गेल्यावर भिंतीवरचं कालनिर्णय उतरवावं, मागच्या इंजेक्शनपासून २१ दिवस मोजावेत, आणि दुधाच्या हिशेबाशेजारी त्या चौकोनात मुलाचं नाव लिहावं.